मुलासाठी कुत्रा निवडताना: इंदूरच्या घरांसाठी पायरीपायरीनं मार्गदर्शन

बहुतेक घरांत हे काम उलट्या क्रमानं होतं. मूल वर्षभर हट्ट करतं, कुणीतरी मोबाइलवर पिल्लाचा फोटो दाखवतं, ॲडव्हान्स जातो, पिल्लू घरी येतं आणि मग प्रश्न सुरू होतात: घरमालकाला विचारलं का, दुपारी घरी कोण असणार, स्वयंपाकघरात अंडं चालेल का. सहा महिन्यांनी त्याच पिल्लाचा फोटो ‘चांगलं घर हवंय’ म्हणून पुन्हा मोबाइलवर फिरतो. खालचा क्रम पाळला तर महिना-दीड महिना सहज जातो. जाऊ द्या. जात ठरवण्याची पायरी मुद्दाम चौथी ठेवली आहे. आधीच्या तीन गाळून थेट तिथं गेलात, तर बाकीच्या तपासण्यांचा फारसा उपयोग होणार नाही.

## १. आधी मोठ्यांचा होकार

कुत्रा मुलासाठी आणला तरी तो मोठ्यांचाच असतो. लॅब्रेडॉर साधारण १० ते १२ वर्षं जगतो, लहान चणीचे कुत्रे १२ ते १५. आज दुसरीत असलेली मुलगी शिकायला पुण्याला जाईल तेव्हा कुत्रा म्हातारा झालेला असेल आणि त्याच्या गोळ्या तुम्ही देत असाल. ‘मी सगळं करीन’ हे मुलाचं वचन प्रामाणिक असतं, पण त्याच्या भरवशावर कुत्रा आणू नका.

एका कागदावर चार कामं लिहा: सकाळचं फिरवणं, संध्याकाळचं फिरवणं, खाणं-पाणी आणि घाण साफ करणं. प्रत्येकापुढे मोठ्या माणसाचं नाव हवं, आणि ते माणूस आजारी किंवा गावाला असेल तर दुसरं नाव. चारही ठिकाणी एकच नाव येत असेल (ते बहुधा आईचं येतं), तर निर्णय अजून झालेला नाही.

याच बैठकीत तीन गोष्टी मिटवा.

जागा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. पण लिफ्ट, बाग आणि जिन्याबद्दलचं बोलणं कुत्रा येण्याआधी झालेलं बरं. महापालिकेकडची नोंदणीही याच यादीत लिहून ठेवा.

स्वयंपाकघर. शाकाहारी घरात हा विषय टाळला जातो आणि मग कुत्रा दूध-पोळीवर वाढतो. वाढत्या पिल्लाला ते पुरत नाही. प्रथिनं कमी पडतात, कॅल्शियमचं गणित चुकतं, पुष्कळ पिल्लांना दुधानं हगवण लागते. अंडं-मांस चालणार नसेल तर पिल्लांसाठीचं तयार संतुलित खाद्य आणावं लागेल आणि त्याचा महिन्याचा खर्च आधी मांडावा लागेल. अंदाजासाठी: ३० किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ३५० ते ४०० ग्रॅम कोरडं खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला ११-१२ किलो. दहा किलोच्या कुत्र्याला साधारण त्याच्या निम्मं.

ॲलर्जी. घरात दमा किंवा सततची सर्दी असलेलं कुणी असेल तर कुत्रा असलेल्या ओळखीच्या घरी दोन-तीनदा, प्रत्येक वेळी तासभर बसून या. ‘या जातीची ॲलर्जी होत नाही’ असं विक्रेते सांगतात. तशी एकही जात नाही. ॲलर्जी नुसत्या केसांमुळे होत नाही, लाळ आणि त्वचेचा कोंडाही तिला कारणीभूत असतो.

## २. मुलाचं वय काय आहे?

पाच वर्षांखालच्या मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतो. कुत्रा ‘पुरे’ म्हणतोय हे त्याला कळत नाही, आणि मिठी मारली की सोडायची कधी हेही नाही. लहान मुलांना होणारे चावे बहुतेक ओळखीच्या कुत्र्याचे असतात, अनेकदा घरातल्याच. म्हणून या वयाच्या मुलाच्या घरात अगदी लहान पिल्लू आणि अगदी छोट्या चणीचा कुत्रा, दोन्ही टाळा. मुलाच्या हातून निसटलेल्या पिल्लाचा पाय मोडणं हा डॉक्टरांकडचा नेहमीचा प्रकार आहे.

सहा ते नऊ हे वय शिकवायला चांगलं. मूल वाटी ठेवू शकतं, पाणी बदलू शकतं, ‘बस’ म्हटलं की बसायला कुत्र्याला शिकवू शकतं, पण मोठं माणूस जवळ हवं. दहा-बारा वर्षांचं मूल छोट्या कुत्र्याला अंगणात फिरवू शकतं. गल्लीत मात्र एकट्यानं नको. भटक्या कुत्र्यांची टोळी समोर आली की पट्टा धरलेल्या मुलाला काय करावं ते सुचत नाही.

तपासा: तुमचं मूल पाच मिनिटं जमिनीवर शांत बसून, धाक न घालता, कुत्र्याला आपणहून जवळ येऊ देऊ शकतं का? नसेल तर आधी हा सराव शेजाऱ्यांच्या शांत कुत्र्याबरोबर करा.

## ३. घर आणि ऊन

इंदुरात मे महिन्यात पारा सहज चाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. दुपारी त्याला कुठं ठेवणार हे दाखवता आलं पाहिजे: सावली, हवा आणि थंड फरशी असलेली जागा. गच्चीवरची पत्र्याची खोली ही जागा नव्हे. बंगल्याच्या फाटकाशी साखळीनं बांधलेला कुत्रा मुलाचा सोबती होत नाही. बांधून ठेवलेल्या कुत्र्यात चिडकेपणा वाढतो आणि त्याच्या साखळीच्या टप्प्यात मूल गेलं की अपघात होतो.

उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि सूर्यास्तानंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर तो रस्ता पंजांसाठीही तापलेला आहे.

रामबाग-नारायण बागेकडच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत भुंकण्याचा विचार आधी करावा लागतो. महालक्ष्मीनगर, निपानियाकडच्या फ्लॅटमध्ये लिफ्टचा आणि दिवसातून चार वेळा खाली उतरण्याचा.

## ४. आता जात

इंटरनेटवरच्या ‘मुलांसाठी उत्तम दहा जाती’ थंड हवेतल्या, अंगणवाल्या घरांना धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे त्या याद्या अशा वाचाव्यात.

लॅब्रेडॉर. स्वभावानं मुलांसाठी खरोखर चांगला, पण २५ ते ३५ किलोचा, आणि पहिली दोन वर्षं दांडगा. तीन वर्षांच्या मुलाला तो प्रेमानंच पाडेल. रोज तासभर व्यायाम हवा. खाण्यावर ताबा नसतो, त्यामुळे इंदुरातले बरेच लॅब्रेडॉर लठ्ठ दिसतात आणि मग त्यांचे खुबे दुखतात. ‘डबल बोन’, ‘हेवी बोन’ असं म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याकडून घेऊ नका. जड हाडाचं पिल्लू म्हणजे पुढे सांध्यांवर जास्त भार.

गोल्डन रिट्रीव्हर. स्वभाव तितकाच मऊ, पण दाट केस, ऊन सोसत नाही. पावसाळ्यात त्या केसांत गोचीड शोधायला रोज पंधरा मिनिटं जातात. गोचिडीचा ताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो, म्हणून ही पंधरा मिनिटं टाळता येत नाहीत.

बीगल. दहा किलोच्या आसपास, मुलांच्या धसमुसळेपणाला सहसा चिडत नाही. आवाज मात्र मोठा, आणि नाकाला वास लागला की उघड्या दारातून पसार. चाळवजा घरात नको.

पॉमेरेनियन. आपल्याकडे या नावानं विकले जाणारे बरेचसे कुत्रे प्रत्यक्षात इंडियन स्पिट्झ असतात. काटक, हुशार, इथल्या हवेत रुळलेले. पण ओढाओढी खपवून घेत नाहीत, पटकन दात लावतात. मूल आठच्या वर असेल तर चांगली निवड. ‘टी-कप’, ‘पॉकेट पॉम’ ही विकण्याची नावं आहेत. त्या मापाचं पिल्लू एकतर फार लहान वयाचं असतं किंवा अशक्त.

पग, शिह त्झू. चपट्या नाकामुळे धापा टाकूनही अंग नीट थंड होत नाही. एसी दिवसभर चालत नसेल तर इंदूरच्या उन्हाळ्यात यांना आणू नका. शिह त्झूचे केस रोज विंचरावे लागतात, तेही काम कागदावर लिहा.

डॅशहंड. लांब पाठीमुळे मणक्याचं दुखणं ओढवतं. मुलं त्याला पुढच्या पायांना धरून उचलतात, आणि नेमकं तेच चुकीचं.

जर्मन शेफर्ड, रॉटवायलर. पहिलाच कुत्रा असेल तर नको. हस्की, सेंट बर्नार्ड तर कुठल्याच कारणानं नको.

देशी कुत्रा. आखूड केस, ऊन सोसणारा, १५ ते २० किलो, जातिवंतांचे आनुवंशिक आजार कमी. परक्यांबद्दल सावध असतो, म्हणून तीन-चार महिन्यांचा होण्याआधी त्याला माणसं, मुलं, आवाज दाखवावे लागतात. नीट वाढवलेला देशी कुत्रा या शहरात मध्यमवर्गीय घराला सर्वांत जास्त मानवतो. मुधोळसारख्या शिकारी जातींना मात्र मोकळं पळायला मैदान लागतं. फ्लॅटमध्ये त्या कोमेजतात.

सावधान: जात फक्त शक्यता सांगते. चिडक्या आईचं लॅब्रेडॉरही चिडकं निघू शकतं.

## ५. पिल्लू की मोठा?

मूल पाचच्या आत असेल किंवा घरातले दोघंही नोकरीला जात असतील, तर दीड ते तीन वर्षांचा, एखाद्या घरात मुलांबरोबर राहिलेला कुत्रा शोधा. त्याचा आकार, स्वभाव, आवाज सगळं डोळ्यांसमोर असतं. पिल्लाला सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी शी-शूला न्यावं लागतं; ते कोण करणार? ‘लहानपणापासून वाढवला की आपलासा होतो’ हा समज जुना आहे. मोठा कुत्राही दोन-तीन महिन्यांत घरचा होतो. फक्त आधीच्या मालकाला एकच प्रश्न टोकाचा विचारा: ‘याच्या ताटलीजवळ मूल गेलं तर हा काय करतो?’ आणि उत्तर शक्यतो प्रत्यक्ष पाहा, मुलाऐवजी मोठ्या माणसानं जवळून जाऊन.

## ६. कुठून घ्यायचं

घरगुती ब्रीडर, दुकान, दत्तक किंवा गल्लीतलं पिल्लू, रस्ता कुठलाही असो, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणायचं नाही. कुत्र्यांच्या प्रजनन व विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी विक्री करताच येत नाही, आणि ब्रीडरला राज्याच्या जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. ‘पस्तीस दिवसांचं झालंय, आता वरचं खातंय’ हे वाक्य ऐकलं की निघा. आई आणि भावंडांमध्येच पिल्लू दात किती जोरात लावायचा हे शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू तो धडा तुमच्या मुलाच्या हातावर गिरवतं.

वयाची खात्री दातांवरून होते. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात साधारण आलेले असतात. पुढचे आलेत आणि मागच्या दाढा नाहीत, तर सांगितलेलं वय खोटं आहे.

लसीचं कार्ड उघडून पाहा. प्रत्येक लशीपुढे कुपीवरचं सोललेलं लेबल चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसत्या पेनानं लिहिलेल्या तारखा धरू नका. सहा आठवड्यांच्या आत दिलेली लसही धरू नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती ती लागू होऊ देत नाही.

गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं पावसाळ्यानंतर आणि थंडीत जास्त दिसतात. मुलं कळवळून वीस दिवसांचं पिल्लू उचलून आणतात. ते आईकडेच राहू द्या, आईला खायला घाला, आणि आठ आठवडे झाले की आणा.

## ७. पहिली भेट, मुलाला न नेता

मूल बरोबर असलं की पहिलंच पिल्लू घेतलं जातं. म्हणून ही भेट मोठ्यांची.

१. आदल्या दिवशी ‘पिल्लांना आंघोळ घालू नका’ असं सांगून दिवसाउजेडी जा. झोपायची जागा पाहा. पातळ शी पडली आहे का, वास कसा येतो.

२. आई बघा. ती मोकळ्या अंगानं जवळ आली तर उत्तम. पिल्लांपाशी थोडी सावध असली तरी चालेल. कोपऱ्यात दबून बसली किंवा दात दाखवत राहिली तर परत फिरा. ‘आई दुसऱ्या घरी आहे’ म्हणाले तरी परत फिरा. मग ही पिल्लं कुठून आली ते कळायला मार्ग नाही.

३. पंधरा मिनिटं हात न लावता बघत बसा. सगळ्यांच्या अंगावर चढणारं आणि मागे लपणारं, दोन्ही बाजूला ठेवा. मधली निवडा. धावत येऊन बूट चाटणाऱ्या पिल्लाला ‘यानंच आपल्याला निवडलं’ असं म्हणून लोक घेतात. बहुधा ते त्या घोळक्यातलं सर्वांत दांडगं असतं.

४. निवडलेलं एकेक पिल्लू वेगळं न्या. जमिनीवर बसा. चार-पाच फुटांवर किल्ल्यांचा जुडगा टाका. दचकलं तर काही नाही. पाच-दहा सेकंदांत सावरून जुडगा हुंगायला आलं पाहिजे. मग मांडीवर घेऊन पंजे, कान, ओठ हाताळा. आधी वळवळून मग सैल पडणारं पिल्लू मुलांच्या घरात निभावतं. या चाचण्यांवरून मोठेपणीचा स्वभाव ठरत नाही, टोकाची पिल्लं तेवढी गाळता येतात.

५. अंग तपासा. हिरड्या गुलाबी, डोळे कोरडे, कानाला घाण वास नाही. पोट ढोलासारखं फुगलेलं म्हणजे जंत. बेंबीजवळ मऊ गाठ असेल तर हर्निया. केस गेलेले गोल चट्टे गजकर्णाचे असू शकतात आणि ते मुलाच्या अंगावर येतं.

तपासा: या भेटीत पैसे द्यायचे नाहीत, ॲडव्हान्सही नाही.

## ८. दुसरी भेट, मुलासह

मुलाला जमिनीवर बसवा. उचलायचं नाही, हात वरून डोक्यावर न्यायचा नाही, छातीपाशी किंवा खांद्यापाशी कुरवाळायचं. तीन सेकंद कुरवाळून हात मागे घ्यायला सांगा आणि पाहा. पिल्लू पुन्हा हाताखाली शिरलं तर त्याला ते हवं आहे. मान वळवली, जांभई दिली, ओठ चाटले किंवा उठून गेलं, तर नको आहे. हा तीन सेकंदांचा खेळ मुलाला इथंच शिकवा, पुढे कुत्रा म्हातारा होईपर्यंत कामी येतो.

मुलाला पिल्लू आवडलं का हे बघायला आपण आलेलो नाही, ते त्याला आवडणारच. दोघं एकमेकांच्या गतीला कशी जुळतात ते पाहा. मुलाच्या किंचाळण्यावर दरवेळी झडप घालणारं पिल्लू गडबड्या मुलासाठी घेऊ नका.

## ९. डॉक्टर आधी, पैसे नंतर

पशुवैद्याला दाखवून मगच पूर्ण पैसे द्या. विक्रेता तयार नसेल तर किमान ‘४८ तासांत आजार निघाल्यास परत’ असं पावतीवर लिहून घ्या. हृदय, गुडघे, बेंबी, त्वचा आणि शी, एवढं तपासून घ्या. शंका राहिली तर महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून फार लांब नाही.

पुढचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे मुख्य लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनी आणि मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. कुत्र्याचे काही जंत मुलांनाही होतात, म्हणून तोंड चाटू देऊ नका आणि जेवणाआधी हात साबणानं.

सावधान: गेल्या वर्षभरात घरात एखादं पिल्लू पार्व्होनं (विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या हगवणीनं) गेलं असेल तर नवं पिल्लू नकोच. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाइलवर विसंबून चालत नाही. लस पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा, तोही सगळं घर ब्लीचच्या पाण्यानं (एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी) धुतल्यावर.

## १०. कधी आणायचं

दिवाळीच्या आधी नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आणि रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) ज्या रस्त्यांवरून जातात तिथं राहत असाल तर त्या आठवड्यातही नाही. मे महिना सुट्टीचा म्हणून सोयीचा वाटतो, पण ऊन कडक असतं, आणि महिनाभर मुलांच्या गराड्यात राहिलेलं पिल्लू जूनमध्ये शाळा सुरू झाली की एकदम एकटं पडतं आणि रडून घर डोक्यावर घेतं. दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत बरे. शुक्रवारी संध्याकाळी आणू नका, शनिवारी सकाळी आणा, म्हणजे पहिली रात्र येण्याआधी दिवसभर घर हुंगून होतं.

## ११. पहिले चौदा दिवस

खाणं पहिला आठवडा जुनंच, दुसऱ्या आठवड्यात हळूहळू नवं मिसळा. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन. नाश्त्याचे पोहे देऊ नका, त्यात कांदा असतो आणि कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. शिऱ्यातल्या मनुका आणि चॉकलेटही विषारी.

पिल्लू दिवसाला अठरा-वीस तास झोपतं. झोपेतून उठवायचं नाही हा मुलासाठी पहिला नियम, आणि एक कोपरा असा की तिथं पिल्लू गेलं की मूल जाणार नाही. खेळ पाच ते दहा मिनिटांचा, दिवसातून चार-पाच वेळा, मोठं माणूस समोर असताना. ‘समोर’ म्हणजे शेजारच्या खोलीत नव्हे.

लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर पाय टेकवू नका, पण कडेवर घेऊन बाहेर न्या. कचरागाडीचं गाणं, रिक्षा, शाळेची बस, आरतीच्या झांजा, सगळं लांबून ऐकू द्या. चौदा आठवड्यांनंतर हे शिकवणं कठीण होत जातं.

तीन ते सहा महिन्यांत दात बदलतात आणि पिल्लू सगळ्यांना चावत सुटतं. मूल ओरडत पळतं, पिल्लाला तो खेळ वाटतो, ते आणखी चावतं. मुलाला जागच्या जागी हात घडी घालून उभं राहायला शिकवा आणि पिल्लाच्या तोंडात चावायचं खेळणं द्या. अनेक कुत्रे याच काळात घराबाहेर जातात, निव्वळ हे तात्पुरतं आहे हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

गुरगुरण्यावर मारू किंवा रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो. मुलाला बाजूला घ्या आणि नेमकं काय चाललं होतं ते लिहून ठेवा. खाणं, झोप, दुखरी जागा की कोपऱ्यात अडवलं, यांपैकी काहीतरी सापडतं. अंग ताठ करून, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत मुलाकडे बघणं हे आठवड्यात दोनदा दिसलं, तर वाट न बघता पशुवैद्याला दाखवा आणि तोवर दोघांमध्ये दार किंवा जाळी ठेवा.

दात लागून रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात न्या आणि कुत्र्याचं कार्ड बरोबर घ्या. कुत्र्याला दहा दिवस घरात नजरेखाली ठेवायचं. त्या मुदतीत त्याला दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका.